कलत्या पानाबद्दल आभार

प्रिय ताई,

तुम्हाला मराठी येत नाही आणि माझं इंग्रजी ‘थँक यू’पाशी संपतं. लंडनच्या त्या वाचनकक्षात तेवढंच बोलून निघालो, ते अजून खुपतंय. म्हणून हे पत्र.

इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन गुल्डचा हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यांवरचा मूळ ग्रंथ बघायचा होता. तुमच्याआधी दोन ठिकाणी हात हलवत परतलो होतो. एकीकडे विद्यापीठाचं पत्र हवं होतं. निवृत्त चित्रकला शिक्षकासाठी त्यांच्या अर्जात रकानाच नव्हता. दुसरीकडे म्हणाले, ‘स्कॅन आहेत की, ते बघा.’ अहो, स्कॅन बघूनच तर आलो होतो! त्यात पक्ष्याचा गळा नुसता तपकिरी दिसतो.

गुल्डचा तो ग्रंथ : १८४९ ते १८६१, पाच खंड, ३६० चित्रं. शिळेवर छापून प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली. पिसांच्या चकाकीसाठी खाली सोन्याचा वर्ख, वरून पारदर्शक रंग आणि व्हार्निश. गंमत म्हणजे जिवंत हमिंगबर्ड गुल्डला दिसला तो थेट १८५७मध्ये, अमेरिकेत. तोवरचं काम पेटीतल्या मेलेल्या पक्ष्यांवरून झालेलं! चित्रांखाली गुल्ड आणि त्याचा चित्रकार रिक्टर यांची नावं आहेत. वर्ख लावणाऱ्यांची नाहीत.

तुम्ही रुबी टोपाझ या हमिंगबर्डचं पान उघडून दिलंत. माथा माणकासारखा, गळा मात्र मंद. ही चमक कोन बदलला की उठते, खऱ्या पिसातही तसंच. पण माझी मान आखडलेली, ती वळेना. खुर्चीतच डावी-उजवीकडे सरकत होतो. तुम्ही पाहिलंत. काही न विचारता आलात, ग्रंथाखालचा स्पंजचा आधार एका बाजूने उचललात आणि अख्खं पान खिडकीकडे कलतं केलंत.

गळा पेटला, ताई. अंगावर काटा आला.

मग आधार खाली, पुन्हा वर. चार वेळा. तो जाडजूड ग्रंथ पेलताना तुमचं मनगट थरथरत होतं.

आमच्या शाळेत एक शिपाईमामा होते. चित्रकलेच्या परीक्षेत कुणाचा ब्रश मोडला की हाक मारायच्या आत दुसरा बाकावर असायचा. तुमच्याकडे बघताना ते आठवले.

मुलीने त्या पानाचा फोटो काढलाय. त्यातही गळा तपकिरीच आला. पण कडेला आधार उचलून धरलेली तुमची बोटं आहेत, म्हणून तोच फोटो मी मोठा करून घेतला.

तुमचा,
सांगलीचा एक चित्रकला मास्तर