अडॅप्टर पिना बदलतो, व्होल्टेज नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी सहलीची नोंदणी झाली की हातात सामानाची यादी पडते. औषधे, छत्री, गरम कपडे यांच्या खाली ‘युनिव्हर्सल अडॅप्टर’ एवढीच एक नोंद असते. प्रवासी दुकानात जातो, दीडशे देशांत चालतो असे छापलेला चौकोनी ठोकळा घेतो आणि विजेचा प्रश्न मिटला असे समजतो. मिटलेला असतो तो फक्त पिनांच्या आकाराचा प्रश्न. भिंतीतून येणारे व्होल्टेज हा ठोकळा बदलत नाही आणि बहुतेक वेळा अर्थिंगही पुढे नेत नाही. या दोन गोष्टींबद्दल यादीत चकार शब्द नसतो, म्हणून हे पत्र.

आधी व्होल्टेजचे. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. युरोप, ब्रिटन, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथेही जवळपास तेवढेच. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, त्यातही टोकियोकडे ५० आणि ओसाका-क्योटोकडे ६० हर्ट्झ. पिन बघून व्होल्टेजचा अंदाज बांधू नये. अमेरिकेसारखी दोन चपट्या पिनांची सॉकेट थायलंड, व्हिएतनाम आणि चीनमध्येही सर्रास असतात, पण तिथे व्होल्टेज २२० ते २३० असते.

त्यामुळे बॅग भरताना प्रत्येक उपकरण उलटे करून त्यावरची ‘इनपुट’ची ओळ वाचावी. अक्षरे मुंगीएवढी असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा केला की वाचता येतात. तिथे ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर ते उपकरण जगात कुठेही चालेल, फक्त पिन बदलायची. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेऱ्याचे चार्जर आता जवळजवळ सगळे असेच येतात. मात्र ‘२२०-२४० व्होल्ट’ किंवा नुसते ‘२३० व्होल्ट’ लिहिले असेल, तर अमेरिका, कॅनडा, जपानला ते नेऊच नये.

नेले तर काय होते? इथली १५०० वॅटची किटली घ्या. तिच्या कॉइलचा रोध साधारण ३५ ओहम. व्होल्टेज निम्म्यावर आले की वॅट निम्मे होत नाहीत, पाव होतात. म्हणजे न्यू यॉर्कमध्ये ती जेमतेम ४०० वॅट देते, टोकियोत २८० च्या आसपास. घरी साडेतीन मिनिटांत उकळणाऱ्या लिटरभर पाण्याला अमेरिकेत किमान तेरा आणि जपानमध्ये अठरा मिनिटे लागतील, तीही उष्णता अजिबात वाया गेली नाही असे धरून. इंडक्शन शेगडी तर बहुधा एरर दाखवून बंदच पडते. मिक्सर फिरतो पण रडत रडत. मग माणूस वाटण तसेच रेटत राहतो आणि मोटर तापते. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला तो किमान दीडपट ते दुप्पट क्षमतेचा हवा, आणि एवढ्या लोखंडा-तांब्याचे वजन विमानात नेण्याजोगे नसते. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत आया हटकून मिक्सर भरतात. त्यांनी ११० व्होल्टचाच मिक्सर घ्यावा. तो आपल्याकडेही मिळतो.

उलट्या दिशेचा प्रवास जास्त धोक्याचा. अमेरिकेतून भेट आलेला १२० व्होल्ट, १२०० वॅटचा हेअर ड्रायर इथे अडॅप्टर लावून खोचला तर तो १० ऐवजी १९ अँपिअर ओढू पाहतो, म्हणजे चार हजार चारशे वॅट. पहिल्या काही सेकंदांतच धूर. तिकडचा मायक्रोवेव्ह स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही इथे सुखाने चालेलच असे नाही, कारण व्होल्टेज जुळले तरी हर्ट्झ जुळत नाहीत. ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. आणि ज्या ‘ट्रॅव्हल’ किटलीला किंवा ड्रायरला ११०/२३० चे छोटे बटण असते, ते परतीच्या वेळी २३० वर आणायचे राहून गेले, तर घरी पहिल्याच वापरात ती जळते.

आता अर्थिंग. आपल्या थ्री पिन टॉपची वरची जाड, लांब पिन अर्थची. किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड अशा धातूच्या उपकरणांत आत कुठे फेजची वायर बॉडीला टेकली, तर तो प्रवाह याच पिनेतून जमिनीत जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे घरच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा संरक्षक स्विच, पडतो. युनिव्हर्सल ठोकळ्यात वरचे भोक असते, आपली जाड पिन त्यात आरामात शिरतेही. पण बहुतेक ठोकळ्यांत त्या भोकामागे काहीच जोडलेले नसते. पिन नुसती प्लास्टिकमध्ये जाऊन बसते. मग बॉडीवर आलेल्या करंटला एकच वाट उरते, ती उपकरण धरलेल्या माणसातून. लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावर हात फिरवताना मुंग्या येतात त्याचेही कारण अर्थ तुटणे हेच. तो प्रवाह अगदी अल्प असतो, त्याने घाबरायचे कारण नाही. पण चार्जर तीन पिनांचा असेल, तर अडॅप्टर अर्थ पुढे नेत नाही हे तो सांगून जातो.

याची परीक्षा दुकानातच करता येते. मल्टिमीटर बझरवर ठेवा, एक टोक वरच्या मोठ्या भोकात आतपर्यंत घाला, दुसरे मागच्या बाजूच्या अर्थच्या पिनेला किंवा पत्तीला लावा. बझर वाजला नाही तर अर्थ नाही. कोणताही वायरमन अर्ध्या मिनिटात हे करून देईल. मल्टिमीटर नसेल तर दोन गोष्टी हाताने बघता येतात. एका देशाच्या पिना बाहेर काढून ठेवा आणि दुसऱ्या देशाच्या पिनाही ओढून पाहा. दोन्ही एकदम बाहेर आल्या तर तो ठोकळा परत करा, कारण एक जोडी भिंतीत असताना दुसरी उघडी जोडी जिवंत असते. मग आपला टॉप त्यात बसवून हलवा. तो सैल डुलत असेल तर आत पत्ती पिनेला फक्त एका कडेने शिवते आहे.

आग लागते ती बहुतेक या सैलपणातून. तिथे ०.२ ओहमचा जरी रोध आला आणि १० अँपिअर वाहिले, तरी त्या एका बिंदूवर २० वॅट उष्णता तयार होते, जवळजवळ लहान सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही प्लास्टिकच्या बंद डबीत. फ्यूज यात मदत करत नाही, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. वास आला, प्लास्टिक पिवळे पडले किंवा अडॅप्टर हाताला चटका देऊ लागला, तर तो टाकून द्यावा. त्यावर ‘१० अँपिअर’ लिहिलेले असले तरी तासन्‌तास १० अँपिअर वाहून नेण्यासाठी तो घेऊ नये. आणि फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा घालावा; चॉकलेटची चांदी किंवा तार गुंडाळू नये.

ब्रिटन, दुबई, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग इथे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असते. फेज-न्यूट्रलच्या भोकांवर आत झडप असते आणि लांब अर्थ पिन शिरली की ती उघडते. आपल्याकडचे लोक वरच्या भोकात पेनाचे टोक किंवा किल्ली दाबून झडप उघडतात आणि दोन गोल पिना खुपसतात. किल्लीने तर हे कधीच करू नये. पेनाने केले तरी चपट्या पिनेसाठी घडवलेल्या पत्त्यांत गोल पिन नीट धरली जात नाही, आणि शिवाय फ्यूज राहून जातो. ब्रिटनमध्ये सॉकेटची लाइन बऱ्याचदा ३२ अँपिअरची असते. तुमच्या बारीक वायरचे रक्षण प्लगमधला फ्यूज करतो. अडॅप्टर घेताना तो आहे का पाहावे. लाल ३ अँपिअरचा, तपकिरी १३ चा. चार्जर-लॅपटॉपला लालच पुरतो.

युरोपच्या सहलीत एक घोटाळा हमखास होतो. पॅरिसमध्ये चाललेला गोल, जाड ‘युरोप अडॅप्टर’ स्वित्झर्लंडच्या षटकोनी खाचेत किंवा इटलीच्या एका ओळीत तीन भोके असलेल्या सॉकेटमध्ये शिरत नाही. चपट्या बॉडीचा, ४ मिलिमीटर पिनांचा टू पिन प्लग या सगळीकडे चालतो. तो अडीच अँपिअरचा असतो, चार्जरला भरपूर झाला. युरोपात सॉकेटला बटण नसते हेही लक्षात ठेवावे. आधी चार्जर अडॅप्टरमध्ये, मग अडॅप्टर भिंतीत. काढताना आधी भिंतीतून.

लॅपटॉपसाठी अडॅप्टर टाळण्याचा सोपा उपाय आहे. चार्जरच्या मधल्या डबीला (ब्रिक) भिंतीकडून येणारी वायर सुटी काढता येते. त्या टोकाचे आकार जगभर सारखेच आहेत, तीन पाकळ्यांचा किंवा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा. ज्या देशात जायचे तिथल्या पिनेची तेवढी वायर घेतली की पक्की बसते, आणि तीन पाकळ्यांची असेल तर अर्थही मिळतो. मोबाइलसाठी तिथल्या पिनेचा एक यूएसबी चार्जर घ्यावा. इथला स्पाइक-गार्ड बोर्ड न्यायचा असेल तर त्यावर फक्त चार्जर लावावेत. आणि अमेरिकेतला सर्ज प्रोटेक्टर इथे आणून कधीही लावू नये, त्यातला १२० व्होल्टसाठीचा सुटा भाग २३० वर पेट घेऊ शकतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत विशेष सांगायचे आहे. झोपेत वापरायच्या सीपॅप मशीनचा पॉवर सप्लाय सहसा १००-२४० चा असतो. पण इथे विकले जाणारे औषधाचे बारीक तुषार करणारे नेब्युलायझर, कॉम्प्रेसरवाले, बहुतेक फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचे असतात. अमेरिकेत किंवा जपानमध्ये ते क्षीण चालतात आणि औषध नीट जात नाही. दम्याच्या रुग्णाने लेबल वाचून, डॉक्टरांना विचारून बॅटरीवर चालणाऱ्या मेश नेब्युलायझरची सोय आधीच करावी.

सहल कंपन्यांना विनंती आहे की यादीत ‘युनिव्हर्सल अडॅप्टर’ऐवजी त्या त्या देशाचे व्होल्टेज, प्लगचा आकार आणि किटली-इस्त्री-रॉड आणू नये हे स्पष्ट छापावे. हॉटेलला फोन करून खोलीत किटली आहे का हे विचारणे त्यांना अवघड नाही. ती असली की खिचडी-चहासाठी इथून किटली नेण्याचे कारणच उरत नाही. दुकानदारांनीही खोक्यावर ‘अर्थ नाही’ असे असेल तर ते गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे.

आपला,
एक विद्युत अभियंता, ठाणे