दुरुस्तीलाही यादीत जागा द्या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोरोनामुळे राज्यात लागलेले निर्बंध १ जून २०२१ च्या सकाळी ७ वाजेपर्यंत वाढल्याची बातमी आपल्याच अंकात वाचली. निर्बंध नकोत असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमच्या गल्लीतली पाच माणसे एप्रिलपासून गेली. त्यातल्या दोघांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत आम्ही पोरांनी रात्रभर फोन फिरवले, तेव्हा गर्दी थांबलीच पाहिजे हे मला पटलेले आहे. माझे मागणे एवढेच आहे की १ जूनचा नवा आदेश निघण्याआधी ‘अत्यावश्यक’ या यादीकडे, म्हणजे कोणती दुकाने आणि कामे चालू ठेवता येतात त्या यादीकडे, एकदा दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहावे.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विजेच्या मोटारी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटारींचे रिवायंडिंग करतो, आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतो. पंखे, मिक्सर, कूलर हीही कामे घेतो. बावीस वर्षे हेच करतो आहे. मार्च ते मे हा आमचा सुगीचा काळ. विहिरीचे पाणी खाली जाते, पंप कोरडा चालतो, व्होल्टेज पडलेले असते, एखादा फेज गेला तरी मोटार तशीच घुमत राहते आणि वायंडिंग जळते. रोज दोन-तीन मोटारी दारात येतात.

यंदाच्या आदेशात शेतीसाठी लागणारी अवजारे आणि त्यांची दुरुस्ती यांना मुभा आहे. शासनाने शेतकऱ्याची आठवण ठेवली, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण माझ्या दुकानात एकच टेबल आहे. त्या टेबलावर डाव्या हाताला पाच एचपीची शेतातली मोटार ठेवली तर ते काम चालते आणि उजव्या हाताला कुणाच्या घरातला पंखा ठेवला तर तो गुन्हा होतो. माणूस तोच, तार तीच, धोकाही तेवढाच. गावातल्या बोअरची मोटार आली, जिच्यावर तीस घरे पाणी भरतात, तर ती शेतीची की बिगरशेतीची? हा प्रश्न मी तीन ठिकाणी विचारला. तिन्ही ठिकाणी वेगळे उत्तर मिळाले.

त्यापुढची अडचण मालाची. मोटार भरायला तांब्याची एनॅमलची तार लागते, इन्सुलेशनचा कागद लागतो, वार्निश लागते, बेअरिंग लागते. पंख्याला कंडेन्सर आणि बुश. हा सगळा माल विकणारी दुकाने इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरची. ती यादीत नाहीत, म्हणून बंद. दुरुस्तीला परवानगी आणि दुरुस्तीच्या सामानाला कुलूप, अशी ही गत आहे. २० एप्रिलच्या आदेशात पावसाळ्यापूर्वी लागणाऱ्या साहित्याची दुकाने सकाळच्या वेळेत उघडी ठेवायला सांगितले, ते फार बरे केले. ताडपत्री मिळाली म्हणून कितीतरी घरे पावसाआधी झाकली जातील. तोच विचार उन्हाळ्याच्या सामानाचा झाला नाही.

दुकाने उघडी ठेवायच्या सकाळी ७ ते ११ या वेळेबद्दलही लिहायला हवे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला चार तास पुष्कळ वाटतात. जळालेली मोटार आली की आधी ती खोलायची, जुनी तार कापून काढायची, स्टेटरच्या, म्हणजे मोटारीतल्या न फिरणाऱ्या भागाच्या, खाचा साफ करायच्या, कागद घालायचा, नव्या कॉइल बसवायच्या, बांधायच्या, वार्निश द्यायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. भराभर हात चालवला तरी एका मोटारीला पूर्ण दिवस आणि एक रात्र जाते. चार तासांच्या दिवसात ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी तयार होते. शेतकरी वीस किलोमीटरवरून छोट्या टेम्पोत मोटार घालून येतो, वाटेत दोन ठिकाणी थांबवला जातो आणि दहा वाजून गेल्यावर दारात पोचतो. “मिस्त्री, उसाला पंधरा दिवस पाणी नाही, तेवढं बघा की,” असे म्हणणाऱ्या माणसाला अकरा वाजले म्हणून शटर ओढून मी काय सांगायचे? शिवाय त्याच चार तासांत सगळे गाव किराणा आणि भाजीला रस्त्यावर आलेले असते. वेळ कमी केली म्हणून माणसे कमी झाली नाहीत, ती एकमेकांच्या जवळ आली.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मागच्या दाराशी एक पोरगा पंखा घेऊन उभा. त्याचे वडील घरीच विलगीकरणात, पत्र्याची खोली, बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन. आदल्या रात्रीपासून पंखा बंद. नवा घ्यायचा तर दुकाने बंद, आणि ऑनलाइन मागवायची सोयही यंदा अत्यावश्यक मालापुरतीच. मी त्याला पंखा अंगणात उन्हात ठेवून लांब उभे राहायला सांगितले. तासाभराने सॅनिटायझर मारून उघडला. कंडेन्सर गेला होता. जुन्या पंख्यातला काढून घातला, दहा मिनिटांचे काम. तेवढ्यात निर्बंध तपासणारे पथक आले. शटर अर्धे वर होते, दंड झाला, तो मी भरला. त्यांनीही त्यांचे कामच केले, माझी कुणावर तक्रार नाही. पण त्या खोलीतल्या आजारी माणसाला त्या दिवशी औषधाइतकीच पंख्याची गरज होती, आणि ही गरज कोणत्याच यादीत बसत नाही, याने मला रात्री झोप लागली नाही.

गेल्या वर्षी असे नव्हते, हेही मुद्दाम नोंदवतो. केंद्र सरकारने १५ एप्रिल २०२० च्या नियमावलीत बाधित क्षेत्रे वगळून २० एप्रिलपासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, मोटार मेकॅनिक आणि संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना नाव घेऊन मुभा दिली होती. २१ एप्रिलला त्यात पंख्यांची दुकाने आणि विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची दुकाने आली. म्हणजे उन्हाळा आला आहे आणि शाळा घरात आली आहे, हे तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आले. त्याच्याही आधी, १३ मार्च २०२० ला, मास्क आणि सॅनिटायझर यांना १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली घेतले. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात कुणी सॅनिटायझर पाहिलेही नव्हते. गरज बदलली तशी यादी बदलली. मग मोबाइल दुरुस्तीचे काय? ज्या घरात एकच फोन आहे आणि त्याची काच फुटली, त्या घरातल्या दोन पोरांचा अभ्यास तिथेच थांबतो. चष्म्याची काडी मोडलेले आमचे शेजारचे आजोबा महिनाभर सुतळी बांधून वाचत आहेत. शिलाई मशीन, गॅसची शेगडी, सायकल, चप्पल, सगळ्यांची हीच कथा. श्रीमंताच्या घरात दुसरा पंखा, दुसरा फोन असतो. ज्याच्याकडे एकच आहे त्याला दुरुस्ती लागते.

मदतीबद्दल थोडक्यात. यंदाच्या १३ एप्रिलला मुख्यमंत्र्यांनी ५,४७६ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. त्यात नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार, परवानाधारक फेरीवाले आणि रिक्षाचालक यांना दीड-दीड हजार रुपये आहेत. त्यांना मिळाले याचा आनंदच आहे. दुरुस्तीवाल्याची कुठे नोंदच नाही, तर त्याला काय मिळणार? माझ्याकडे दोन पोरे काम शिकतात. त्यांचा पगार मी अजून थांबवलेला नाही, पण जूनमध्ये जमेल की नाही सांगता येत नाही.

दुकान दिवसभर सताड उघडे ठेवू द्या, असे मी म्हणत नाही. वस्तू दाराबाहेरच्या बाकावर ठेवायची, नाव आणि नंबर लिहून निघून जायचे, काम झाले की आम्ही फोन करू. आत गिऱ्हाईक नकोच. शटर बंद ठेवून आत संध्याकाळपर्यंत काम करायची मुभा हवी. सामान विकणाऱ्या दुकानदाराने फक्त कारागिरांना, फोनवर मागणी घेऊन, माल पोचवावा. एका दिवशी रस्त्याची एक बाजू आणि दुसऱ्या दिवशी दुसरी, हा प्रयोग गेल्या जूनमध्ये राज्याने केलाच होता. दुरुस्तीवाल्यांचे वार तसे वाटून दिले तरी चालेल. रोज तपासणी करा, नियम मोडला तर दंड करा, पण आदेशात ‘दुरुस्ती आणि तिला लागणारे सामान’ एवढे शब्द घाला.

हे पत्र लिहिताना दुकानात सात मोटारी पडून आहेत. तीन मोटारींना तार आहे, चार मोटारींना नाही. ७ जूनच्या सुमारास मृग लागेल. पाऊस वेळेवर आला तर या चार मोटारींची घाई उरणार नाही, पण त्यांच्यावरचा ऊस तोवर टिकायला हवा.

आपला नियमित वाचक,
एक रिवायंडिंग कारागीर, सोलापूर जिल्हा
मे २०२१