होर्डिंग तपासता, मग धूळही उचला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१३ मे २०२४ रोजी मुंबईवर आलेल्या धुळीच्या वादळात घाटकोपरचं होर्डिंग कोसळून १७ माणसांचा जीव गेला. तेव्हापासून वळवाचे दिवस आले की होर्डिंगच्या तपासणीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण भरदुपारी आभाळ मातकट करणारी ती धूळ कुठली, यावर फारसं कुणी बोलत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईत आलेली धूळ पाकिस्तानकडून अरबी समुद्र आणि गुजरातवरून आली होती. गाड्यांवर पांढुरकी पूड बसली होती. ती अडवणं आपल्या हातात नव्हतं. वळवाच्या वादळाचं तसं नाही. गडगडाटी ढगातून खाली येणारा गार वारा पावसाच्या पुढे जमिनीलगत पसरतो आणि वाटेत जे मोकळं पडलं असेल ते उचलतो. मुंबईत काय पडलेलं असतं? इमारतींचा राडारोडा, खोदलेल्या रस्त्यांची माती, उघड्या डंपरमधून सांडलेली रेती. त्यात नेमकी मे महिन्यातच नालेसफाई. काढलेला गाळ काठावर सुकत टाकतात आणि तो वेळेवर उचलला गेला नाही की त्याची भुकटी होते. नाल्यातली ती घाण शेजारच्या चाळींतल्या लेकरांच्या नाकातोंडात जाते, याचा मला मनस्वी संताप येतो.

शिवाय हा त्रास आकड्यांत नीट दिसतही नाही. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक काढताना धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरतात. अर्ध्या तासाचं वादळ त्यात विरून जातं. पाठोपाठ सर आली की हवा धुतल्यासारखी वाटते, पण रस्त्यावर बसलेला चिखल सुकला की वाहनं तोच पुन्हा उडवतात. दमेकऱ्यांचा त्रास वादळासोबत संपत नाही, तो असा.

महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली आहे. ७० मीटरहून उंच बांधकामाभोवती ३५ फुटी पत्रे, ओलं हिरवं कापड, पाण्याची फवारणी, सगळं तिच्यात आहे. तेव्हा नव्या नियमांची मागणी नाही. एप्रिल संपण्याआधी प्रत्येक वॉर्डाने राडारोडा उचलावा, नुसतं पाणी मारून भागवू नये. नाल्याचा गाळ काढला की लगेच झाकून हलवावा. हवामान खाते सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा काही तास आधी देते. तो येताच खोदकाम आणि डंपर रिकामे करणं थांबवावं, बांधकाम मजूर आणि वाहतूक पोलिसांना मास्क द्यावेत, आणि त्याच इशाऱ्यात दमेकऱ्यांसाठी व लहान मुलांच्या पालकांसाठी खिडक्या बंद ठेवण्याची सूचना असावी. वादळाच्या तासाचे धूलिकणांचे आकडेही सरासरीत न मिसळता वेगळे जाहीर करावेत.

– एक वाचक, भांडुप