चाक कोमट होतं, काका

काका,
सप्रेम नमस्कार.

त्या रात्री घाटातून फिरवून आणून तुम्ही आम्हाला दारात सोडलंत तेव्हा घाईघाईत ‘थँक यू’ म्हटलं आणि सामान उचलून आत गेलो. तेवढ्याने भागणार नव्हतं हे पाचच मिनिटांत कळलं. आई शालही न काढता खुर्चीत बसली होती आणि बोलत होती. दिवसभर काय काय पाहिलं, तुम्ही काय काय सांगितलंत, सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे पत्र. डोंगरात गाडी चालवणाऱ्या आणि भाड्याने गाडी घेऊन फिरायला जाणाऱ्या चार जणांनी ते वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्हाला एक गोष्ट आम्ही सांगितलीच नव्हती. आई अकरा वर्षांत घाटात गेली नव्हती. तेव्हाही अशीच एका दिवसासाठी भाड्याची गाडी केली होती. उतरताना चालकाने गाडी न्यूट्रलला टाकली. म्हणे, डिझेल वाचतं. मग प्रत्येक वळणावर ब्रेक, सरळ रस्त्यावरही ब्रेक. अर्ध्या घाटात जळका वास सुटला, पुढच्या चाकातून धूर यायला लागला आणि एका वळणावर त्याने पाय दाबला तर पेडल खालपर्यंत गेलं, गाडी काही थांबेना. शेवटी डोंगराच्या बाजूला चरात चाक घालून त्याने ती थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. पण त्यानंतर घाटाचं नाव काढलं की आई विषय बदलायची.

यंदा ती तयार झाली ती निव्वळ माझ्या हट्टाखातर. आणि तुम्ही पहिलाच प्रश्न तिला विचारलात, ‘ताई, गाडी लागते का?’ ती हो म्हणाली तशी तुम्ही मला मागे पाठवून तिला पुढे बसवलंत. ‘फोन बघू नका, मान खाली घालू नका, लांबच्या वळणावर नजर ठेवा. रस्ता कुठे वळतोय ते डोळ्यांना आधी दिसलं की पोट ढवळत नाही.’ कानाला जाणवणारी हालचाल आणि डोळ्यांना दिसणारी हालचाल जुळली नाही की मळमळतं, हे मी कधीतरी वाचलं होतं. आईला सांगायला मात्र कधी सुचलं नव्हतं. वर चढताना तिच्या कानाला दडे बसले, तेव्हा आवंढा गिळायलाही तुम्हीच सांगितलंत.

अरुंद रस्त्यावर उतरताना समोरून चढणारी गाडी दिसली की तुम्ही थांबत होतात. आपल्या मागचे हॉर्न वाजवत होते, तरीही. ‘चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, आपल्याला काय, थांबता येतंय,’ एवढंच म्हणालात. मला ते फार आवडलं.

पहाटे निघायचा तुमचा आग्रह मला आधी जाचकच वाटला होता. वर पोचलो तेव्हा त्याचं मोल कळलं. हवा स्वच्छ होती. एकामागे एक डोंगररांगा उभ्या होत्या, जवळची गर्द हिरवी, तिच्यामागची निळसर, त्यामागची आणखी फिकी, शेवटची तर आभाळात विरघळल्यासारखी. आई कठड्याशी उभी राहून बोटाने रांगा मोजत होती. सातवर थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यामुळे शालीचं ओझं वाटलं नाही. दुपारी ऊन तापलं, उतारांवरची हवा वर सरकली आणि ढग जमायला लागले. अगदी माथ्यापर्यंत जाऊ या, असं मी म्हटलं. तुम्ही नाही म्हणालात. मी थोडी हिरमुसले, खरं सांगते. अर्ध्या तासात मागे वळून पाहिलं तर माथा दिसेनासा झाला होता.

आणि मग उतार. आईने दाराची मूठ घट्ट धरली होती, मला मागून तिची पांढरी पडलेली बोटं दिसत होती. तुम्हीही ती पाहिली असणार, कारण तुम्ही मुद्दाम बोलून गाडी चालवायला लागलात. ‘आता दुसरा गिअर टाकतोय. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं. हा घुरघुर आवाज येतोय ना, तो इंजिन गाडीला धरून ठेवतंय त्याचा.’ डिझेलचंही सांगितलंत, की गिअरमध्ये असताना पाय उचलला तर आताच्या गाड्यांचं इंजिन इंधन घेतच नाही, मग न्यूट्रलला टाकून वाचवायचं काय? घरी आल्यावर मी वाचत बसले. ब्रेकच्या तेलात हळूहळू ओल मुरते. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल मुरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. सारखे ब्रेक दाबून ते तापलं आणि उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल नुसतं आत जातं. अकरा वर्षांपूर्वी बहुधा हेच झालं असणार.

पायथ्याशी तुम्ही गाडी बाजूला घेतलीत, खाली उतरलात, पुढच्या चाकाजवळ हात नेलात आणि आईला हाक मारलीत. ‘बघा ताई, हात जवळ आणून बघा. आधी लांबूनच.’ ती वाकली. तळहात चाकापासून वीतभर अंतरावर धरला, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ. कोमट होतं. तिने तो हात तसाच गालाला लावला आणि तुमच्याकडे बघून हसली. एवढा मोठा उतार उतरून चाक कोमट, हे तिला कुणी नुसतं सांगितलं असतं तर तिने ऐकून सोडून दिलं असतं.

काका, तुम्ही भाड्याचे पैसे मोजून घेतलेत आणि वरचे परत केलेत. त्यामुळे आमच्याकडे तुमचं बरंच काही राहून गेलंय.

आई काल विचारत होती, त्या दिवशी माथा राहिला, तो आता कधी? मी म्हटलं, काकांना विचारते. तारीख तुम्ही सांगा, पहाट कितीही लवकरची चालेल. पुढची सीट तिने आताच मागून ठेवली आहे.

तुमची,
मागच्या सीटवरची मुलगी