सूचना : रविवारचं वाटप, थैल्या घरूनच आणा

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता समाजमंदिरात आपल्या गटाचं वाटप आहे. तूरडाळ, ज्वारी, जवस, वायगावची हळद आणि भिवापुरी मिरची आली आहे. मागच्या खेपेला अर्ध्या लोकांनी प्लास्टिक मागितलं. यावेळी मिळणार नाही. कापडी थैली, डबा, धुतलेलं चुंगडं (पोतं), काहीही चालेल.

डाळीबद्दल थोडं. आपले कास्तकार तूर काढली की बाजार समितीत नेतात आणि वर्षभर दुकानातून पाकीटबंद डाळ आणतात. मीही तेच करत होतो. एका क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ निघते, चुनी (डाळीचा चुरा) ढोरांना होते. म्हणून यंदा तीन सभासदांची तूर गटानेच घेतली आणि गावच्या चक्कीवर भरडली. डाळीला पॉलिश नाही, त्यामुळे ती चमकणार नाही आणि थोडी सालंही दिसतील. "जुनी आहे का?" असं कृपया विचारू नका. शिजायला वेळ लागला तर तासभर आधी भिजवा. वरणाची चव घेऊन मग बोला.

ज्वारी कमी आहे, घरटी ५ किलोच. सोयाबीनपायी ज्वारीचा पेरा किती घटला, ते आपण जाणतोच. रब्बीत कोणी दोन तास (ओळी) ज्वारी टाकणार असेल तर आताच नाव सांगा, गट आधीच मागणी नोंदवेल.

मागची बाकी असलेल्यांनी रोख आणावी. नावं वहीत आहेत, इथे लिहीत नाही.

— गटसचिव