साथसंगतीतून घडलेला पियानोवादक

महोदय,

पाश्चात्त्य अभिजात संगीताविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात स्व्यातोस्लाव रिख्तर यांची ‘कोणाकडे न शिकता मोठे झालेले पियानोवादक’ एवढ्यावरच बोळवण होते. या समजुतीमुळे त्यांच्या जडणघडणीतली सर्वांत मोलाची वर्षे झाकली जातात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

रिख्तर यांचा जन्म १९१५ चा, आजच्या युक्रेनमधील झितोमिरचा. बालपण तिथल्याच ओडेसा शहरात गेले. वडील व्हिएन्नात शिकलेले ऑर्गनवादक होते. घरात संगीत होते, पण नेमाने तालीम मात्र नव्हती. आपण स्केल्स (क्रमाने स्वर वाजवण्याचा सराव) कधी घोटल्याच नाहीत, सुरुवात थेट शोपँ या संगीतकाराच्या नॉक्टर्नपासून (पियानोसाठीच्या शांत, भावपूर्ण रचनेपासून) केली, असे रिख्तर स्वतः सांगत. ऑपेराच्या स्वरलिपीची पुस्तके समोर उघडून ती पियानोवर वाजवत बसणे हा त्यांचा लहानपणचा छंद. पुढे तोच उपयोगी पडला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते गायकांना साथ करू लागले आणि नंतर ओडेसाच्या ऑपेरात तालमींचे पियानोवादक झाले. हे काम सोपे नव्हे. संपूर्ण वाद्यवृंदाचा आशय दहा बोटांत आणायचा, गायक श्वास कुठे घेतो ते ओळखून थांबायचे, संचालकाच्या हाताकडे लक्ष ठेवायचे आणि नवी स्वरलिपी पाहताक्षणी वाजवायची, हे सारे एकाच वेळी साधावे लागते. आपल्याकडे मैफलीत हार्मोनियमची साथ करता करता कित्येकांचा कान तयार होतो, तसेच हे शिक्षण होते.

१९३४ मध्ये त्यांनी ओडेसात केवळ शोपँच्या रचनांचा स्वतंत्र कार्यक्रम केला आणि १९३७ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीत (संगीत महाविद्यालयात) पियानो शिकवणाऱ्या हाइनरिख नॉयहाउस यांच्याकडे गेले. म्हणजे गुरू होतेच, फक्त उशिरा भेटले. राजकीय विषयांचे वर्ग टाळल्याने कॉन्झर्व्हेटरीतून काढून टाकलेल्या या विद्यार्थ्याला नॉयहाउस यांनी परत बोलावून घेतले. लिस्ट या संगीतकाराच्या बी मायनर सोनाटातील (पियानोसाठीच्या दीर्घ रचनेतील) निःशब्द जागांचे मोल आपल्याला त्यांच्यामुळे कळले, हे रिख्तर आवर्जून सांगत. १९४३ मध्ये संगीतकार प्रोकोफिएव्ह यांचा सातवा सोनाटा त्यांनीच प्रथम सादर केला. अमेरिकेत मात्र ते १९६० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी पोहोचले.

ओडेसाचेच दुसरे पियानोवादक एमिल गिलेल्स लहानपणापासून काटेकोर शिस्तीत शिकले, १९३३ मध्ये सोळाव्या वर्षी अखिल सोव्हिएत स्पर्धेत पहिले आले आणि पुढे त्याच नॉयहाउस यांच्याकडे गेले. तेव्हा शिस्तीच्या शिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु मुंबई, पुणे, गोवा येथे लंडनच्या मंडळांच्या ग्रेड परीक्षा देणारी आपली अनेक मुले मोजक्या रचना वर्षभर एकट्याने घोटतात, आणि नवी स्वरलिपी वाचण्याचा सराव परीक्षा तोंडावर आल्यावरच होतो, हे पालक म्हणून मी जवळून पाहते आहे. व्हायोलिन शिकणाऱ्या मित्राला किंवा चर्चमधील गायकवृंदाला साथ करण्याची संधी या मुलांना नियमित मिळायला हवी. शिक्षकांनी तिला शिकवणीचाच भाग मानावे. आपल्या वृत्तपत्रातही ग्रेडमधील यशाच्या बातम्यांबरोबर अशा साथसंगतीच्या कार्यक्रमांना जागा मिळावी, ही विनंती.

– एक पालक, पुणे