परसदारीचा पालापाचोळा आणि हिवाळ्यातले पाहुणे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शहराच्या वेशीत गवा शिरला किंवा एखाद्या कॉलनीत बिबट्या दिसला की त्याची बातमी पहिल्या पानावर येते आणि ती यायलाच हवी, कारण त्यात माणसांच्या आणि त्या जनावराच्याही जिवाचा प्रश्न असतो. एका बाजूला राधानगरी-दाजीपूरचे जंगल आणि चहूकडे ऊस अशा मुलखात वसलेल्या कोल्हापूरला असे प्रसंग आता नवलाचे राहिलेले नाहीत. मात्र याच थंडीच्या दिवसांत आपल्या कंपाउंडच्या आत, जास्वंदीच्या आडोशाला आणि आंब्याच्या बुंध्याशी जे वन्यजीव रोज मुक्कामाला असतात, त्यांची दखल कोणी घेत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांची उपजीविका आपण नेमकी याच महिन्यांत, स्वच्छतेच्या नावाखाली, झाडून आणि जाळून टाकतो. हे पत्र त्याविषयी आहे.

हिवाळी पक्षी म्हटले की कोल्हापूरकरांची पावले रंकाळा किंवा कळंबा तलावाकडे वळतात. तिथली बदके डोळ्यांत भरण्याजोगी असतात, शिवाय कॅमेऱ्यात सहज सापडतात. परंतु हिमालयापलीकडून आणि मध्य आशियातून येणाऱ्या पाहुण्यांपैकी कितीतरी जण तलावाकडे फिरकतही नाहीत, ते थेट आपल्या परड्यात उतरतात. कंपाउंडच्या भिंतीवर बसून सारखी तांबूस शेपटी थरथरवणारा थिरथिरा हा त्यांतला ओळखायला सर्वांत सोपा पक्षी आहे. हिमालयातल्या आणि मध्य आशियातल्या डोंगरांवर तो वीण करतो, पावसाळा ओसरला की आपल्याकडे येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. त्याची बसण्याची ठिकाणे ठरलेली असतात. नळाची तोटी, उलटी ठेवलेली कुंडी किंवा कपडे वाळत घालायची तार यांवरून तो खाली झेपावतो, मुंगी किंवा किडा टिपतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन शेपटी हलवू लागतो.

दुसरा पाहुणा दिसत कमी आणि ऐकू जास्त येतो. मेंदीच्या किंवा जास्वंदीच्या दाट कुंपणातून सकाळी थांबून थांबून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येत असेल, तर तो बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या असतो. रंगाने मळकट तपकिरी आणि वजनाने जेमतेम दहा-बारा ग्रॅम असलेला हा पक्षी पूर्व युरोप आणि सायबेरियापासूनचे अंतर कापून इथवर येतो. आल्यावर तो भटकत बसत नाही. कुंपणाचा एक तुकडा ताब्यात घेतो आणि थंडी सरेपर्यंत तो राखतो. दुसरा वटवट्या हद्दीत आला की हा ‘चक्, चक्’ वाढतो. त्यामुळे डिसेंबरात आपण ते कुंपण गुडघ्यापर्यंत छाटून टाकले, तर तो शेजारच्या झुडपात जाईल असे समजण्यात अर्थ नाही, कारण शेजारचे झुडूप आधीच दुसऱ्या कोणीतरी राखलेले असते. आंब्याच्या गर्द फांद्यांत शेपटी वर करून ‘टिर्रर’ असा सूर काढणारा लाल छातीचा माशीमार, ओल्या अंगणात तुरूतुरू चालणारा करडा धोबी आणि वडा-उंबराच्या शेंड्यावर पिवळाधमक चमकून जाणारा हळद्या हेही याच दिवसांतले सोबती आहेत.

इथलेच असलेले पक्षी हिवाळ्यात नवे रूप घेतात, तेही पाहण्यासारखे आहे. जांभळा शिंजीर, ज्याला आपण सूर्यपक्षी म्हणतो, त्याचा नर ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळजवळ मादीसारखा फिकट पिवळट दिसतो. हनुवटीपासून पोटापर्यंत उतरलेली एक गडद पट्टी तेवढी त्याची ओळख सांगते. पुढे हळूहळू खांद्यावर, मग कपाळावर, मग पाठीवर निळ्या-जांभळ्या चकाकीचे ठिपके उमटू लागतात आणि काही आठवडे तो अर्धवट रंगवलेल्या खेळण्यासारखा दिसतो. विणीचा हंगाम येईपर्यंत सगळा पक्षी उन्हात लखलखू लागतो. हा बदल पाहायला जंगलात जावे लागत नाही. जास्वंदीचे किंवा पावडरपफचे एखादे झाड खिडकीसमोर असले तरी पुरते. मात्र झाड तेच असावे आणि पाहणाऱ्याने रोज पाहावे.

आता मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेल्या हिवाळी पाहुण्यांपैकी बहुतेकांचे पोट किड्यांवर भरते. थिरथिरा, वटवट्या, माशीमार आणि धोबी यांना आपण ठेवलेले तांदूळ, चुरमुरे किंवा पोळीचे तुकडे काडीचेही उपयोगाचे नाहीत. त्या खाद्यावर पारवे आणि कावळे जमतात, रात्री उंदीर-घुशी येतात आणि आपल्याला मात्र पक्ष्यांची सेवा केल्याचे समाधान मिळते. कोरड्या हिवाळ्यात किडे सापडतात ते झाडाच्या सालीखाली, जुन्या कुंपणात आणि सर्वांत जास्त झाडाखाली पडलेल्या पालापाचोळ्यात. पानांचा हा थर वरून कोरडा असला तरी तळाशी ओल धरून ठेवतो. त्यात वाळवी, गोम, कोळी, भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि पतंगांचे कोष सुखाने नांदतात. सातभाईंचा कळप आंब्याखाली उतरला की हे अगदी जवळून पाहता येते. एकेक पान चोचीत धरून बाजूला भिरकावायचे, मान तिरकी करून खालची जागा न्याहाळायची, हवे ते टिपायचे आणि मग पुढचे पान, असे त्यांचे काम गोंगाट करत चालते. नारंगी डोक्याचा कस्तुर क्वचित सावलीच्या परड्यात येतो. तोही याच पद्धतीने, पण एकट्याने आणि गुपचूप, पाने उलटत फिरतो. मुंगूस त्याच ढिगाऱ्याच्या कडेने हुंगत जाते आणि हुदहुद मोकळ्या मातीत चोच खुपसून अळ्या काढतो.

आपण काय करतो? दिवाळीच्या साफसफाईपासून सुरुवात होते. आंबा, बदाम आणि वड-पिंपळाची पाने रोजच्या रोज झाडली जातात, कोपऱ्यात ढीग होतो आणि सकाळी शेकोटीच्या निमित्ताने किंवा संध्याकाळी डासांच्या निमित्ताने त्याला काडी लावली जाते. थंडीत हवा जड असते, त्यामुळे धूर वर न जाता कॉलनीभर साचून राहतो आणि दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास होतो, हे वेगळे सांगायला नको. वस्तुतः २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली होती आणि बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवण्याची जबाबदारीही नागरिकांवर टाकली होती. नियम कागदावर राहिला आणि काडेपेटी खिशात राहिली. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी यांसारख्या जुन्या बंगल्यांच्या भागांत जिथे बंगले जाऊन अपार्टमेंट आली, तिथे तर मातीच उरलेली नाही. कंपाउंडपासून जिन्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, कडेला रांगेने छाटलेली सोनेरी डुरांटा आणि मधोमध औषध फवारलेले लॉन, असे आवार छायाचित्रात उत्तम दिसते. मात्र हुदहुदला चोच खुपसायला तिथे चिमूटभर माती मिळत नाही.

यावर एक हरकत नेहमी घेतली जाते, आणि ती रास्त आहे. पाला ठेवला की साप येतात, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. कोल्हापूरच्या परिसरात घोणस चांगल्या संख्येने आहे, हिवाळा हा तिचा मीलनकाळ आहे आणि सकाळच्या उन्हात ती वाळक्या पानांवर पडली तर पानांत आणि तिच्यात फरक कळत नाही. ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांना ही भीती झटकून टाका म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच पाला घराभोवती कुठेही पडू द्यावा असे माझे म्हणणे नाही. दारापासून, पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, कंपाउंडच्या एका कोपऱ्यात, मोठ्या झाडाच्या सावलीत तो असावा. त्याची हद्द विटा लावून ठरवावी, तिथे हाताने काम करू नये आणि रात्री त्या बाजूला जायचे तर पायात बूट व हातात बॅटरी असावी. भिंतीलगत रचलेल्या विटा, फरशांचे तुकडे आणि लाकडांचा ढीग मात्र जरूर हलवावा. साप बहुतकरून उंदरांच्या मागे येतो आणि उंदीर येतो तो सांडलेल्या धान्यामागे व उघड्या खरकट्यामागे. साप घरात किंवा अंगणात दिसलाच, तर त्याला डिवचण्याच्या भानगडीत न पडता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

उंदरांचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट इथेच नोंदवतो. बाजारात मिळणारे उंदराचे औषध हे बहुतेक वेळा रक्त गोठू न देणारे विष असते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तर दोन-चार दिवस मंदपणे फिरत राहतो आणि गव्हाणी घुबडाच्या किंवा मुंगसाच्या तावडीत सहज सापडतो. तेच विष मग त्यांच्या पोटात जाते. ज्या घुबडाचे एक कुटुंब वर्षभर उंदीर मारण्याचे काम विनामूल्य करते, त्यालाच आपण असे घालवतो आणि वर त्याला अशुभ म्हणतो. पिंजरा लावणे हा जुना उपाय कष्टाचा असला तरी त्यात दुसऱ्याचा बळी जात नाही.

पाण्याबाबत दोन शब्द. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवण्याची चांगली प्रथा आपल्याकडे रुजली आहे. पावसाळा संपल्यावर डबकी आटतात, तेव्हा ती हिवाळ्यातही चालू ठेवायला हरकत नाही. भांडे पसरट आणि उथळ असावे, कुंडीखालची मातीची ताटली उत्तम. मधे एक खडबडीत दगड ठेवला तर माशीमारासारख्या लहान पक्ष्यालाही पाय टेकता येतो. पाणी रोज ओतून द्यावे आणि ताटली घासावी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास आपणच केल्यासारखे होईल. मांजर पाळणाऱ्यांनी पहाटेची वेळ तरी मांजराला घरात ठेवावे. झुडपात दबा धरलेल्या मांजरापुढे दहा ग्रॅमच्या पक्ष्याचे काही चालत नाही.

महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या कार्यकारिणींकडे माझी मागणी मोठी नाही. कुंपणाची छाटणी एका दमात न करता टप्प्याटप्प्याने व्हावी, म्हणजे एका वेळी निदान अर्धे कुंपण उभे राहील. शक्य तिथे मोठी छाटणी एप्रिलच्या अखेरीस, हे पाहुणे परतल्यावर, व्हावी. मात्र त्यावेळी इथल्या पक्ष्यांची घरटी झुडपात असू शकतात, त्यामुळे कात्री चालवण्याआधी आत डोकावून पाहावे. सार्वजनिक बागांमध्ये जिथे लोकांचा वावर नाही अशा झाडांखालचा पाला तसाच ठेवावा. बाकीचा खड्ड्यात कुजवून खत केले तर बाहेरून खत विकत आणण्याचा खर्चही वाचेल. सफाईच्या कंत्राटात ‘पाला जाळणार नाही’ असे एक वाक्य घालायला तर काहीच खर्च येत नाही. नव्या इमारतींच्या आवारात पार्किंगची निकड मी समजू शकतो, पण कंपाउंडच्या कडेने हात-दीड हात रुंदीची मातीची पट्टी सोडल्याने कोणाची गाडी अडणार नाही.

शेवटी आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. राज्यात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांचे जन्मदिवस त्याच्या दोन टोकांना आहेत. त्या आठवड्यात व्याख्याने होतात, प्रदर्शने भरतात आणि पुढे विषय मागे पडतो. फेब्रुवारीत मात्र चार दिवस परसबागेतील पक्ष्यांची जागतिक गणना होते, तिच्यात २०१३ पासून भारतातले पक्षीनिरीक्षकही भाग घेत आले आहेत. तिला ना दुर्बीण सक्तीची आहे ना प्रवेशशुल्क. किमान पंधरा मिनिटे आपल्याच अंगणात किंवा गच्चीवर बसायचे, दिसले ते पक्षी मोजायचे आणि ई-बर्ड या संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर यादी भरायची, इतके ते सोपे आहे. शाळकरी मुले आणि निवृत्त मंडळी यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. गणनेच्या आधीच्या आठवड्यात आपल्या अंकात परसबागेतल्या दहा-पंधरा पक्ष्यांची छायाचित्रे त्यांच्या मराठी नावांसह छापावीत आणि नंतर वाचकांनी कळवलेल्या नोंदींना पेठेनुसार व उपनगरानुसार जागा द्यावी. शिवाजी पेठेतल्या वाड्यामागच्या परड्यात काय दिसले आणि राजारामपुरीतल्या अपार्टमेंटच्या गच्चीवर काय दिसले, हे शेजारी शेजारी छापून आले, तर कुठल्या भागात माती आणि झुडपे अजून शिल्लक आहेत याचा अंदाज महापालिकेलाही बसल्या जागी येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, कोल्हापूर